एकोणतीस साते

कुणालाही पटणार नाही, पण बोरिवलीच्या जयवंत परबांचा एकोणतिसाचा पाढा भरदिवसा नाहीसा झाला. असा तसा पाढा नव्हे. सोसायटीच्या गणपतीत हा पाढा ते मागेपुढे झुलत एका दमात म्हणत, तेव्हा मंडपातले पंखेसुद्धा त्या ठेक्यावर फिरत.

यंदाची पाढ्यांची स्पर्धा, लहानथोर सगळ्यांसाठी, रविवारी होती. चेंबूरचे व्याही बाळ सावंत ती मुद्दाम बघायला येणार होते, कारण जयवंतरावांनी लग्नापासून त्यांचे कान किटवले होते. आणि शुक्रवारी नातीने, श्रुतिकाने, विचारलं, "आजोबा, एकोणतीस साते?"

"दोनशे तीन."

"पण कसे आले?"

"कसे म्हणजे? तोंडात आले!"

"असं नाही चालत आता. टीचर म्हणतात, समजून करा. तीस साते दोनशे दहा, त्यातून सात वजा."

जयवंतरावांना ते एकदम पटलं, आणि तिथेच वाट लागली. आता पाढा सुरू केला की प्रत्येक पायरीवर मन म्हणे, थांब, वजा करून बघ. उत्तर बरोबर यायचं, पण ठेका तुटायचा. शनिवारी एकोणीसही गेला. संध्याकाळी तर ते 'बे दुणे चार' बोटांवर तपासताना सापडले.

त्यांच्या पत्नी प्रेमाबाई घाबरल्या. "डॉक्टराकडे जावया काय?"

"आणि त्याका काय सांगू? एकोणतीस दुखता म्हणान?"

श्रुतिका मात्र दोन्ही दिवस त्यांच्या मागे मागे झुलत, गुणगुणत फिरत होती. तिला पाढ्याची ती जुनी चाल भारी आवडली होती.

स्पर्धेचा नियम असा, की अडलात तर घंटा, आणि पाढा पुढच्या स्पर्धकाकडे. जयवंतराव 'एकोणतीस सक'पर्यंत कसेबसे पोचले. पहिल्या रांगेत व्याही हात बांधून बसलेले. जयवंतराव नुसतेच पुटपुटत राहिले. टण्ण!

स्पर्धकांच्या रांगेत शेजारीच उभ्या असलेल्या श्रुतिकाने झुलत सुरू केलं, "एकोणतीस साते दोनशे तीन, आठे दोनशे बत्तीस, नव्वे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद!" मंडप दणाणला.

"काय हो व्याही," बाळराव हसले, "अडलात?"

"छे! मुद्दाम थांबलो. म्हटलं, पोरीला पुढे येऊ दे."

"खोटं!" बक्षिसाचा डबा छातीशी धरून श्रुतिका ओरडली. "तुम्ही दोनशे दहातून सात वजा करत होतात. मला ऐकू आलं ना! आणि आजोबा, बरोबर येत होतं. घंटाच आधी वाजली."