सगुणची शिकवणी

साईश पोटात असताना साक्षीला साखर झाली होती. सातव्या महिन्यात कळलं, मग पथ्यं झाली, रोज बोट टोचून झालं आणि शेवटी गुटगुटीत मुलगा झाला. सगुणच्या लेखी विषय तिथेच संपला होता. पण साडेतीन वर्षांनी, शिरगावच्या खाणीवर टिपर भरायची वाट बघत असताना ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर त्याला एक बातमी दिसली: गरोदरपणी आईला साखर असेल तर पुढे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. सगुणने ती चार वेळा वाचली. चारही वेळा त्यातला 'शकतो' त्याला दिसला नाही.

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर साईश बापाच्या बुटात पाव कोंबत होता.

"बघ, बघ! बुटात पाव घालता!"

"उंदराक जेवण देता तो," साक्षी म्हणाली.

"ह्या काय शाण्या पोराचा लक्षण?"

दुसऱ्याच दिवशी त्याने आरोग्य केंद्रात नंबर लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी आणा. थोडं खेळू, बोलू त्याच्याशी, एवढंच."

एवढंच? सगुणच्या दृष्टीने ती वार्षिक परीक्षा होती. साक्षीला त्याने साधी तपासणी आहे एवढंच सांगितलं, ती घाबरेल म्हणून बातमीचं काढलं नाही. 'पोराक फिरवून हाडतंय' असं म्हणत तो साईशला रोज टिपरच्या केबिनमध्ये बसवी आणि रंग, प्राणी घोकून घेई. पोरगं विसरलं तर? म्हणून त्याने खुणाही ठरवल्या. हात नाकापुढे लोंबवला की हत्ती, डोक्यावर दोन बोटं धरली की गाय, जीभ बाहेर काढली की लाल. साईशला खुणा फार आवडल्या. रंग आणि प्राणी त्यामानाने कमी आवडले.

बुधवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर थांबा."

सगुण बाहेर गेला आणि तडक इमारतीला वळसा घालून मागच्या खिडकीशी पोचला. तिथे एक लाकडी खोका पालथा पडला होता. तो त्यावर चढला. डॉक्टरीणबाई आणि साक्षी दोघींची पाठ खिडकीकडे होती, साईशचं तोंड मात्र बरोबर समोर.

पहिलं चित्र हत्तीचं. साईशने खिडकीकडे बघितलं. बापाने सोंड केली. पोराने सोंड केली.

"छान! पण नाव काय ह्याचं?"

साईशने पुन्हा सोंड केली. गाईला शिंगं केली. लाल ठोकळा दाखवला तेव्हा डॉक्टरीणबाईंना वीतभर जीभ दाखवली.

"बरं, तुझं नाव सांग बघू."

नावाची खूणच ठरली नव्हती! सगुणने घाबरून दोन्ही हात हवेत फडफडवले. साईशनेही फडफडवले.

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "हे हातवारे कधीपासून?"

"आठ दिवस झाले," साक्षीचा आवाज बारीक झाला. "माका वाटला, खेळता."

"त्याआधी काही झालं होतं? ताप, पडला वगैरे?"

"नाय. ह्ये रोज टिपरात बसवन फिरवन हाडतत, तितक्याच."

"मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घेऊ," असं म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. 'मोठं हॉस्पिटल' ऐकताच सगुण पुढे झुकला, खोका कडाडला आणि खिडकी रिकामी झाली.

"बाबा पडलो," साईश म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "काय म्हणालास?"

"बाबा खिडकेत हत्ती करी होतो. मगे गाय केल्यान. मगे खोको मोडलो नि तो पडलो. आता उठणा नाय." मग जरा विचार करून त्याने विचारलं, "त्येका सुई मारतलात?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत चिठ्ठी फाडली. सगुण डावं मनगट धरून आत आला, तेव्हा त्याला खाली बसवून त्या म्हणाल्या, "साखर होती म्हणून मुलावर लक्ष ठेवायचं, हे खरं. काही मुलांना बोलायला, लक्ष द्यायला थोडा त्रास होतो, सगळ्यांना नाही. तुमचा छान बोलतो. सहा महिन्यांनी परत आणा. आणि तोपर्यंत त्याला शिकवू नका, त्याच्याशी गप्पा मारा. आता हात दाखवा."

मनगट सुजलं होतं. त्याला फळी बांधून झाली आणि तिघं बसची वाट बघत उभी राहिली. पोरगं रस्त्यावरची कुत्री मोजत होतं.

"साक्षी, तुका सांगूक नाय मी," सगुण खाली बघत म्हणाला. "म्हटला, साखर तुका झालेली, तू उगाच मनाक लावन घेशीत."

"माका ठावक होता."

"काय?"

"सातव्या म्हयन्यातच डॉक्टरणीन सांगितलेल्यान. ह्यो पयलो शब्द बोललो, त्या दिवशी मी देवाकडे नारळ ठेवलंय."

सगुणने मान वर केली. "साडेतीन वर्सां एकटीच भियत रवलंस? माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमका सांगून काय झाला असता?"

सगुणने फळी बांधलेल्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि साईशला उजव्या हाताने कडेवर घेतलं.