दादाच्या सर्व्हरवर माझं नाव

"एकाच टेबलावर बसतात, मग या सर्व्हरचं त्या सर्व्हरला कळत का नाही रे?" असं मी दादाला विचारलं होतं. "सांगतो, आधी कागद उचल," तो म्हणाला. मी कागद उचलले. दादा गेला त्याला बावीस दिवस झाले होते. उत्तर राहिलंच.

आमचा छोटा छापखाना. दादाच्या लिनक्सवाल्या सर्व्हरवर सगळी डिझाइनं. छपाईच्या यंत्राला जोडलेला सर्व्हर विंडोजचा. तो गेल्या आठवड्यात जळाला, म्हणून वहिनीने नवा आणला. नव्याला दादाचा फोल्डर उघडेना. 'परवानगी नाही' म्हणे! सोमवारी शाळेला चारशे प्रगतिपुस्तकं द्यायची होती. शाळेचं काम गेलं तर छापखान्याला कुलूप, असं वहिनीने मला स्वच्छ सांगितलं होतं.

"मी करतो," म्हणालो. (नववीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून दुमत आहे.)

आधी दिसेल ती वायर उपटून परत खोचली. फोल्डर तसाच, छापखान्याचा फोन मात्र बंद पडला. मग मोबाइल स्पीकरवर ठेवून कॉम्प्युटरवाल्याला गाठलं.

"कोणाच्या नावाने आत जाताय?"

"नाव कशाला? घरचाच माणूस आहे मी!"

"तुम्ही घरचे हो, पण तो नवा विंडोज परका. दादांच्या सर्व्हरवर तुमचं नाव घाला, पासवर्ड द्या आणि तेच विंडोजवर टाका."

नाव गेलं. पासवर्ड टाकायला लागलो, तर पडद्यावर एक अक्षर उमटेना! कीबोर्ड मेला. दुसरा जोडला, तोही मेलेला. शेजारच्या दवाखान्यातून तिसरा मागून आणला. (चौथ्यासाठी वहिनीने जाऊ दिलं नाही.)

"तीन कीबोर्ड एकदम गेले हो!"

"अहो, लिनक्सवर पासवर्ड टाकताना दिसत नाही! तो सगळं ऐकतो, दाखवत काही नाही."

"म्हणजे यांच्यासारखाच," वहिनी म्हणाली आणि हसली. बावीस दिवसांत पहिल्यांदा. मग तिने डोळे पुसले. मी कीबोर्ड पुसला.

न दिसणारा पासवर्ड दोनदा टाकला आणि फोल्डर उघडला! यंत्र धडधडू लागलं. सोमवारी चारशे प्रगतिपुस्तकं मी स्वतः शाळेत नेली आणि कोणी न विचारता मोठ्या बाईंना सांगितलं, "लिनक्स-विंडोजचं भांडण मी मिटवलं."

"छान. इथे सही करा," बाई म्हणाल्या.

परतलो तोच कॉम्प्युटरवाल्याचा फोन, पुन्हा स्पीकरवर. "वहिनींचंही नाव घातलंत ना? मग आता दादांचं काढा. जुनी नावं ठेवू नयेत."

वहिनी खिडकीकडे वळली. मी यादी उघडली. तीन नावं. डोळ्यांत पाणी आलं होतं (शाईचा वास फार असतो आमच्याकडे). घाईघाईने टाइप केलं, एंटर दाबलं आणि मग नीट पाहिलं. दादा जागेवर. वहिनी जागेवर. उडालो होतो मी.

"काढलंस?" तिने तिकडे तोंड करूनच विचारलं.

"काढलं," म्हणालो आणि यादी बंद केली.