किल्लेदाराच्या उदासीची व सवालांच्या कागदाची हकीकत

ज्याच्या कृपेने उदासासही भूक लागते त्या कुलदैवतास दंडवत घालून ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशे छप्पन, संवत्सराचे नाव आनंद. परंतु किल्लेदार सटवोजीराव यांस आनंद कैसा तो ठावा नव्हता. अन्न गोड लागेना, आणि निद्रा येईना, आणि दरवाजास अडसर घातला की नाही या धास्तीने वारंवार उठून पाहावे, ऐसे जाहले. मग सरकारांनी धुंडिराज वैद्य रवाना केले. हे वैद्य काढा न देता बोलून मन बरे करीत. त्यांची चाल ऐसी की, दर बैठकीपूर्वी रोग्याने सवालांचा कागद भरावा: झोप कैसी, भूक कैसी, उदासी किती, धास्ती किती, काहीच नसेल तर शून्य, अतिशय असेल तर तीन, आणि त्या आकड्यांवरून वैद्यांनी उपचार ठरवावा.

परंतु गडावरून वाईट वर्तमान लिहून देऊ नये, हा चिटणीस अंताजीपंतांचा पिढीजात रिवाज. त्यांनी दर खेपेस सर्वत्र शून्य मांडिले आणि रावांनी शिक्का केला. वैद्य संतोष पावले आणि म्हणाले, "राव बरे जाहले. आम्ही निघतो." आणि घोड्यावर खोगीर चढविले. हा मनुष्य गेला तर आपले ऐकणार कोण, ऐसे मनी येऊन राव अनवाणीच दरवाजापर्यंत धावले आणि लगाम धरिला.

"वैद्यबुवा, कागद खोटा आहे."

"कोणता सवाल?"

"सगळेच."

वैद्य रागे न भरता तेथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे आजवर मी एका बऱ्या माणसाशी गप्पा मारीत होतो. नवा कागद आणा."

अंताजीपंत कळवळले. "राव, तीन कसे लिहू? 'कुशल किंचित कमी' ऐसे लिहितो."

"आकडा लिहा, पंत," राव बोलिले.

मग उदासीपुढे दोन आणि धास्तीपुढे तीन पडले, आणि वैद्यांनी धास्तीपासून आरंभ केला. अडसर एकदाच पाहावा आणि मग पहारेकऱ्यावर सोडून सदरेवर येऊन बसावे, ऐसे ठरले. आकडा उतरला, आणि मग पुन्हा चढला, तेव्हा वैद्यांनी दोष रावांस न देता उपचारास दिला आणि तो बदलला. एके दिवशी वांग्याच्या भरतात मीठ कमी म्हणून राव मुदपाकखान्यावर कडाडले, तेव्हा रावांस चव कळू लागली म्हणून गडावर साखर वाटिली.

निरोपाच्या दिवशी शेवटचा कागद भरिला. सर्वत्र शून्य, केवळ उदासीपुढे एक. अंताजीपंतांनी हळूच विचारिले, "हेही शून्य करू?"

"राहू द्या," राव म्हणाले. "वैद्यबुवा आज जातात, त्याचे वाटते."

येणेप्रमाणे गडाचे वर्तमान खरे लिहिले गेले आणि अब्रूस काही जाहले नाही. येथे लेखणी ठेविली असे.