नृसिंहाचं उघड्या डोक्याचं बंड

"उद्या बघाच! साहेबाच्या नाकावर टिच्चून उघड्या डोक्यानं कचेरीत येतो की नाही!"

मिसळीच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून नृसिंह असं म्हणाला, तेव्हा हेडक्लार्क अंबादासच्या वाटीतला कट त्याच्याच धोतरावर सांडला. नृसिंहाला त्याचं काही नव्हतं. बंड म्हटलं की थोडीफार सांडलवंड व्हायचीच!

बंडाचं कारण तसं साधं होतं. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीत नृसिंह कारकून होता. बायको लीला बाळंतपणाला माहेरी, हुपरीला गेलेली. मुलगा झाला, सव्वा महिना उलटला, आणि गुरुवारी बारसं ठरलं. नृसिंहानं एका दिवसाची रजा मागितली. इंगवले साहेब म्हणाले, "गुळाचा हंगाम हाय. बारसं बायकांचं काम. तुम्ही जाऊन काय पाळण्यात बसणार हाय?"

पोराचं तोंडसुद्धा अजून पाहिलं नव्हतं हो त्यानं! नृसिंहाचं पित्त खवळलं. काम बंद करावं तर पगार बंद. साहेबाला उलट बोलावं तर जीभ टाळूला चिकटते. राहता राहिली टोपी. साहेब जुन्या दरबारी वळणाचे. कचेरीत टोपी, फेटा, रुमाल, काहीतरी डोक्यावर हवंच, हा त्यांचा दंडक.

"संस्थान विलीन झालं, सरंजाम गेला, अन् आपण अजून डोकी झाकून फिरतोय!" नृसिंह गरजला. "उद्या आपण सगळेच उघड्या डोक्यानं येऊ!"

"येऊ की!" अंबादास म्हणाला. बाकीचेही "येऊ की" म्हणाले. मिसळीचे पैसे नृसिंह देणार होता.

बुधवारी सकाळी नृसिंह घरातून टोपी घालूनच निघाला, कारण घरात वडील होते. दादा म्हणजे निवृत्त मास्तर. उघड्या डोक्याचं पोरगं दिसलं असतं तर त्यांनी भर राजारामपुरीत कान धरला असता. कोपरा वळल्यावर नृसिंहानं टोपी खिशात कोंबली आणि छाती पुढे काढून चालू लागला.

आता बघा, त्या काळी बाप्या माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यात दिसला, की त्याच्या घरात कुणीतरी गेलंय हे कुणी सांगावं लागत नसे. नृसिंहाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बंडाच्या नादात माणसाला एवढं तेवढं आठवत नाही.

पानवाल्यानं त्याला पाहून हातातला चुना खाली ठेवला आणि हात जोडले. टांगेवाला म्हणाला, "बसा पावणं, पैसं नगंत." जनता आपल्या बाजूनं आहे, हे पाहून नृसिंहाला भरून आलं.

कचेरीत शिरला तर काय! सगळे टोपी घालून बसलेले. अंबादासनं तर टोपीवर मफलरही गुंडाळला होता! नृसिंह त्याला काही बोलणार, तोच इंगवले साहेब खोलीतून बाहेर आले. नृसिंहानं घसा खाकरला. 'साहेब, आम्ही कुणाचे गुलाम नाही,' हे वाक्य त्यानं रात्रभर घोकलं होतं.

साहेबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"कवा गेले वडील?"

नृसिंहाचा हात खिशातल्या टोपीकडे गेला.

"काल रात्रीच असंल," अंबादासनं परस्पर सांगितलं. टोपीच्या कटात आपलं नाव निघू नये म्हणून तो काहीही सांगायला तयार होता.

"आणि आज कामावर!" साहेबांचे डोळे पाणावले. "अरं, माणूस हाय का कोण हाय ह्यो! नृसिंहराव, तेरा दिवस रजा घ्या. भरपगारी."

एक मागितला तर मिळाला नाही, आणि आता तेरा! नृसिंह हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्यानं फक्त मान खाली घातली. दादा, माफ करा, असं मनात म्हणून तो दाराकडे वळला. हुपरीची एस.टी. डोळ्यांपुढे उभी होती.

"एकटं कुठं चाललाय? बसा हितं. दुपारी आम्ही सगळीच घरी येतो. हुपरीला शिपाई धाडतो सांगावा घिऊन."

"नको साहेब! हुपरीला नको! घरीही नको!"

"दुखात माणूस असंच बोलतंय," साहेब म्हणाले, आणि त्याला पंख्याखाली बसवलं.

दुपारी अख्खी कचेरी राजारामपुरीत थडकली. दादा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. साहेबांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. गेलेल्याचे थोरले भाऊ असतील असं समजून ते शेजारी टेकले.

"वाईट झालं. नृसिंहरावांचे वडील म्हंजे देवमाणूस हुते म्हणं."

दादांनी साहेबांकडे पाहिलं. मग मुलाच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पोरांच्या लबाड्या पकडलेला माणूस तो, त्याला काय लागतंय!

"देवमाणूस होता खरा," दादा शेंग फोडत म्हणाले. "पोरगं मात्र गाढव निघालं."

"आजारी हुते?"

"छे! सकाळीच दोन थालीपिठं खाल्ली. चहा घेणार ना?"

सुतकाच्या घरी चहा! साहेब गोंधळले. इतक्यात रस्त्याच्या टोकापासून हंबरडा ऐकू आला. नृसिंहाची सासू बायडाबाई पुढे, मागे सगळी हुपरी, आणि शेवटी पोराला छातीशी धरून लीला.

"व्याही वो! बारसं न बघताच गेलासा की वो!"

"गेलो नाही, बाई. या, बसा," दादा म्हणाले.

बायडाबाई 'आगं आई गं' म्हणून जागीच बसली. लीला नवऱ्याकडे बघत राहिली. साहेब उठून उभे राहिले.

"हे जित्तं हाईत. मग मेलं कोण?"

सगळे नृसिंहाच्या डोक्याकडे बघू लागले.

"कुणी नाही, साहेब," नृसिंह पुटपुटला. "मी बंड केलं होतं. बारशाला रजा दिली नाहीत म्हणून."

"साहेब, नोकरीवरून काढू नका," दादांनी हात जोडले. "गाढव आहे, पण पदरी पोर आहे."

साहेबांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "काढत न्हाय. समदी माणसं हितं आल्यातच, तर बारसं आजच उरका. रजेचा प्रश्नच मिटला!"

नृसिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो साहेबांच्या पाया पडायला वाकला.

"वाकताय काय? सकाळपासनं काम पडलंय तुमचं. टोपी घाला आणि कचेरीत जावा. आमी थांबतो बारशाला. पाव्हणं म्हणून आलोय, उपाशी जाणं बरं दिसत न्हाय."

शेजारून पाळणा आला, जिलबी आली, बायकांनी पाळणे म्हटले. अख्खी कचेरी जेवायला बसली. अंबादासनं तीनदा मठ्ठा मागितला. आणि शाहूपुरीत नृसिंह डोक्यावर टोपी घालून एकटा गुळाच्या पावत्या लिहीत होता.

दिवेलागणीला साहेब ढेकर देत कुलूप लावायला आले. नृसिंह उठून उभा राहिला.

"साहेब, एक विचारू?"

"रजेचं सोडून कायबी इचारा."

नृसिंहानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"माझ्या मुलाचं नाव काय ठेवलं?"