पोलाद कशात बुडवावं

झोळीची दोरी करकरली. पुस्तक मोठ्याने वाचता वाचता हिरालाल थांबला. नलूला ते अजिबात आवडलं नाही. तिने दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून तान्ह्या लहानूला झोका दिला आणि तव्यावरची भाकर उलटली.

"मंग? पहाडातल्या बुटक्या लोकायनं झोपलेलं पोरगं उचलून नेलं. अन् त्याच्या जागी?"

"आपलं ठेवलं. हुबेहूब तसंच. मायले पत्ताच नाही."

नलूने झोळीत डोकावून पाहिलं. पोरगं आपलंच होतं.

पुस्तक दुर्ग शहरातल्या जुन्या बाजारातलं. पोलाद कारखान्याच्या फोर्ज शॉपसाठी, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवायच्या खात्यासाठी, मदतनिसांमधून ऑपरेटर निवडायचे होते. तोंडी परीक्षा रशियन साहेब घेणार, आणि पास होईल त्याला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये पक्कं क्वार्टर, घरात नळ. मजुरांच्या कॅम्प-1 मधल्या या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी चूल न पेटवताच भाकर शेकली जाईल, असं नलू म्हणायची. क्वार्टर तिला हवंच होतं. मग हिरालालने रद्दीवाल्याकडे लोखंडावरचं इंग्रजी पुस्तक मागितलं. मुखपृष्ठावर एक दाढीवाला ऐरणीवर लालभडक पातं ठोकत होता, ते पाहून रद्दीवाल्याने हे काढून दिलं. हिरालालने आजवर मदतनीस म्हणून कारखान्याच्या बांधकामावर नुसती खडी वाहिलेली. इंग्रजी आठवीपर्यंतचं. पुढचं डिक्शनरीच्या जोरावर, आणि डिक्शनरीत सापडलं नाही ते स्वतःच्या हिमतीवर.

नलूला शंका सुरुवातीलाच आली होती. लोखंडाच्या पुस्तकात लोक एकमेकांची पोरं कशाला बदलतात, असं तिने विचारलंही.

"ते थेअरी होय," हिरालाल म्हणाला. "साहेब लोकं पयले घुमवते, मंग मुद्द्यावर येते."

पण चार पानं पुढे गेल्यावर निघालं, की पहाडातले ते लोक जगात फक्त लोखंडाला भितात; बाळाजवळ लोखंड असलं की त्यांचा हात पुढे होत नाही. नलू उठली आणि झोळीखालचा विळा नवऱ्यासमोर धरला. बाळंतपणात सासूने ठेवायला लावलेला हा विळा पाहून हिरालाल पोटभर हसला होता.

"आता हासा," ती म्हणाली.

तिची शंका फिटली. जे पुस्तक सासूच्या शब्दाबाहेर जात नाही, ते चुकीचं कसं असेल? शिवाय शंका ताणली असती तर वाचन बंद पडलं असतं, आणि पळवून नेलेल्या पोराचं पुढे काय झालं ते तिला कधीच कळलं नसतं. तेव्हा तिने विळा जागेवर ठेवला आणि तोंड बंद.

शेजारच्या पंजाबराव आणि गुलाबरावांनीही परीक्षेला नाव दिलं होतं. हिरालालकडे साहेबी पुस्तक आहे हे कळल्यावर दोघं रोज संध्याकाळी दारात हजर. एकट्यानंच पास होता का बाप्पा, असं गुलाबराव म्हणाले, तेव्हा हिरालालला त्यांना नाही म्हणवेना. दोघं ऐकायचे आणि विसरायचे. नलूला मात्र सगळं पाठ. भाकरी थापता थापता तीच त्यांची तोंडी घ्यायला लागली. मुख्य प्रश्न एकच होता: तापून लाल झालेलं पोलाद कशात बुडवावं? पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. अजगराच्या रक्तात. अजगर साधा नाही, चित्रात चार पायांचा, तोंडातून जाळ काढणारा.

"असा अजगर इथं कुठं भेटंन?" गुलाबरावांना कोडं पडलं.

"रशियात भेटत असंन," पंजाबराव म्हणाले. "एवढी थंडी तिथं. जाळवालं जनावर पायजेच नं."

परीक्षेच्या दिवशी नलूने तिघांच्याही हातावर दही ठेवलं. संध्याकाळी तिघं परतले ते मान खाली घालून. कोणी चपला काढीना. गेलं क्वार्टर, असं म्हणत ती झोळीची दोरी धरून खाली बसली.

मग हिरालालने सांगितलं. दुभाष्याने हिंदीत विचारलं, पोलाद कशात बुडवतात? याने ठणकावून सांगितलं, अजगर का खून. दुभाषी दचकला. अजगर का क्या? मोठं जनावर, सरड्यासारखं, एवढंच हिरालालला सुचलं. दुभाष्याने बाजारात गुडघ्यांना चोळायचं घोरपडीचं तेल पाहिलं असावं. त्याची मुद्रा उजळली आणि तो साहेबाला काहीतरी थोडक्यात बोलला. साहेबाने परत विचारलं: थंड, की गरम?

"मंग तुमी काय सांगतलं?"

"मारल्या मारल्या घेतलेलं. गरम."

साहेब एकदम खूश झाला. पंजाबरावांनी तेच सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. गुलाबरावांनी तोंड उघडलं तेव्हा तर दुभाष्याने भाषांतरही केलं नाही. तिघांना बाहेर सोडताना तो हिरालालच्या कानात म्हणाला, "सीधे तेल बोला करो भाई. किस जानवर का है, साहब को उससे क्या?"

म्हणजे उत्तर तेल होतं. गरम तेल. तिघंही पास झाले होते.

"मंग तोंडं कावून उतरले?" नलूने विचारलं.

"सोमवारपासून कामावर बलावलं," हिरालाल म्हणाला. "आता खरंच बुडवा लागते."

पंजाबराव आणि गुलाबराव घरी सांगायला गेले. हिरालालने पुस्तक उचलून थेट चुलीकडे नेलं. नलूने ते मधल्या मधे धरलं.

"पोराचं पुढं काय झालं ते वाचा पयले."

"आता कायले? खोटं पुस्तक हाय ते. सारी कहानी निघाली."

"खोट्या पुस्तकानंच पक्कं घर देल्लं नं? वाचा."

कोपऱ्यात रुक्मा, त्यांची मोठी पोर, चिंचोके मांडून बसली होती. तिने सगळं ऐकलं. मग चिंचोके बाजूला सरकवून मायकडे पाहिलं.

"माय, पुस्तक खोटं. बाबानं सांगतलं ते खोटं. मंग घर खरं कसं?"