गायीला केळं दिल्यास शून्य गुण

राष्ट्राचा पाया बालवयातच घातला जातो आणि तो माऊसशिवाय घालता येत नाही, यावर आता दुमत उरलेलं नाही. म्हणूनच तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाने संगणक हाताळावा, असं ‘बालअंगुली अभियाना’त ठरलं. (तीन वर्षांखालील बालकांना तूर्त सवलत आहे.)

प्रकाशा गावाच्या पुढे, तापीकाठच्या एका केळीच्या गावात रमिलाबाईंची अंगणवाडी आहे. मुलं एकवीस, संगणक एक आणि वीज सकाळी दहा ते बारा, तीही तिच्या मनात आलं तर. रमिलाबाईंना शहाद्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. पहिला दिवस मान्यवरांच्या सत्कारात गेला आणि दुसरा, प्रशिक्षण कसं वाटलं याचा फॉर्म भरण्यात. तरीही पंधरा दिवसांत पोरं माऊस असा फिरवायला लागली की बाईंना मनापासून कौतुक वाटलं.

मग परीक्षा आली. पडद्यावर केळीचं झाड, त्यावर पिवळीधमक केळी, खाली टोपली. केळं उचलून टोपलीत टाकायचं, एवढंच. कोपऱ्यात एक गाय होती, ती शोभेला.

एकवीसच्या एकवीस मुलांनी केळं गायीला दिलं.

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. या गावात घड हिरवा असतानाच कापतात आणि ट्रकमध्ये भरतात. झाडावर पिकलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही, तो गुरांपुढे जातो. हे इथलं पोर झोळीतून बघत आलेलं असतं. संगणक म्हणाला, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ मुलांनी पुन्हा प्रयत्न केला आणि गायीला दुसरं केळं दिलं.

तपासणीला आलेल्या हेमकांत साहेबांनी अहवाल लिहिला: ‘सदर गावातील बालकांना केळे या फळाची ओळख नाही. केळ्याचा रंगीत तक्ता तातडीने पुरवण्यात यावा.’ (हे लिहिताना समोर ठेवलेल्या फणीतली चार केळी त्यांनी खाल्ली. ती त्यांनी बरोबर ओळखली.) शिवाय महिन्याभरात एकूण एक मूल उत्तीर्ण झालं नाही, तर ही अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गावात समायोजित होणार होती. समायोजन म्हणजे बंद करणे, पण नम्रपणे.

आया सकाळी सातला शेतावर जातात. साडेतीन वर्षांचं पोर नाला ओलांडून खिचडी खायला कसं जाणार? आजवर मुलांना शिकवणं हे रमिलाबाईंचं काम होतं. आता शिकलेलं विसरायला लावणं आलं. पहिल्या आठवड्यात गायीकडे बघायचं नाही, हा धडा झाला. दुसऱ्यात टोपलीवर प्रेम. तिसऱ्या आठवड्याअखेर वीस मुलं सुधारली.

राहिली दामिनी. वय पाच, बाप छगन घड कापणाऱ्या टोळीत. ती माऊस धरून बसून राहिली.

“बाई, हाई केळं ते झाडवरच पिकी गयं. आते व्यापारी थोडाच लई?”

“माले मालूम शे, बेटा,” रमिलाबाई म्हणाल्या. “पन मशीनले मालूम नही.”

मग मशीनला आपण ते का सांगू नये, असं दामिनीने विचारलं. बाईंनी खिडकीतून नाला दाखवला आणि याच अंगणवाडीत येणाऱ्या तिच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. दामिनीने केळं टोपलीत टाकलं. बाईंना तेव्हा स्वतःची फार लाज वाटली.

निकाल शंभर टक्के लागला. अंगणवाडी राहिली. प्रमाणपत्र निघण्याआधी पडद्यावर एक चौकट आली: ‘मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’ एकवीस बालकांनी, ज्यांपैकी एकालाही अजून वाचता येत नाही, त्या चौकटीत टिचकी मारली. अभियानाने याची विशेष नोंद घेतली आणि मुलं पूर्ण संगणक साक्षर झाल्याचं जाहीर केलं.

तुम्हाला हसू येत असेल. तुम्हाला तर वाचता येतं. तरी आज सकाळीच तुम्ही फोनवरच्या तसल्याच चौकटीत न वाचता बोट दाबलंत. मुलांना त्या बदल्यात अंगणवाडी मिळाली. तुम्हाला काय मिळालं, ते एकदा वाचून तरी बघा.