अर्ध्या छपराचा लाभार्थी

देशाची प्रगती व्हायला पिढ्या लागतात. ती दाखवायला मात्र एक घर पुरते. ते विमानतळापासून जवळ असावे, रस्त्याला लागून असावे आणि त्याचे दार उंच असावे (परदेशी पाहुणे बहुधा उंच असतात). हे तत्त्व कोणी शोधून काढले ते सांगता येत नाही, पण विकास खात्याने ते मन लावून पाळले आणि सायकलवाल्याचे घर निवडले.

सायकलवाला म्हणजे सायकली दुरुस्त करणारा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. निवडीच्या वेळी त्याच्यात तीन गुण आढळले: चेहरा गरीब पण स्वच्छ, बोलणे कमी, आणि कोणी फोटो काढू लागले की हात आपोआप जोडले जात. (त्याची बायको त्या वेळी बाजारात गेली होती. खात्याच्या पुढच्या सगळ्या अडचणी या एका गैरहजेरीतून निर्माण झाल्या.)

परदेशी बँकेच्या मदतीतून मागच्या खोलीवर पत्रे घालायचे ठरले. अर्ध्या खोलीवर ते पडले. उरलेल्या अर्ध्याचे काय करावे यासाठी बँकेने एक अभ्यासगट पाठवला. या गटात बँकेच्याच देशातले तज्ज्ञ होते आणि चहा कुठे मिळतो ते सांगायला एक स्थानिक. गटाने सखोल पाहणी करून असा निष्कर्ष काढला की उरलेल्या अर्ध्यावर छप्पर नाही. मदतीचा मोठा वाटा या निष्कर्षावर खर्च झाल्यामुळे पत्र्यांना काही उरले नाही. निष्कर्ष मात्र बिनचूक होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढे खात्याच्या लक्षात आले की ही चूक नसून धोरण आहे. छप्पर मुळीच नसते तर बँक म्हणाली असती, आमची मदत गेली कुठे? पुरे असते तर म्हणाली असती, आता मदत कशाला? अर्धे छप्पर पाहून मात्र प्रत्येक पाहुण्याला एकाच वेळी समाधान आणि काळजी वाटे, आणि मदत या दोन भावनांच्या बरोबर मधे उगवते. तिच्याबरोबर येणाऱ्या अटींवरही (खाण त्यांच्या कंपनीला, बंदर त्यांच्या जहाजांना, सल्लागार त्यांचे आणि आभार आपले) त्याच भरात सह्या होऊन जात. पलीकडचे एक मित्रराष्ट्रही अधूनमधून डोकावून जाई आणि 'उघड्या भागावर आमचे निशाण रंगवलेले पत्रे घालू का?' असे विचारी. खात्याचे उपसचिव त्यांना 'विचाराधीन आहे' एवढेच सांगत, आणि हे बँकेच्या कानावर जाईल याची काळजी घेत. एका परीने देशाचे सगळे परराष्ट्र धोरण त्या अर्ध्या छपराखाली उभे होते. उरलेल्या अर्ध्यात बायको वाळवण घाली.

सायकलवाल्याचे काम सोपे होते. दारात मोटार थांबली की पाना खाली ठेवायचा, हात पुसायचे आणि तीन वाक्ये म्हणायची: पूर्वी फार हाल होते, आता बरं आहे, अजून थोडं हवं. गल्लीत त्याला 'जावईबापू' म्हणू लागले होते. "काय जावईबापू, सासरची माणसं कधी यायचीत?" असे लोक पंक्चर काढून घेता घेता विचारत. तो लाजे. पण आतून त्याला ते आवडे, खोटे कशाला बोला. 'कसं वाटतं तुम्हाला?' असे जन्मात त्याला कोणी विचारले नव्हते. हे लोक समुद्र ओलांडून तेवढेच विचारायला येत.

बायकोला मात्र परराष्ट्र धोरणाची जाण नव्हती. त्यातच लेकीचा निरोप आला की ती तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येत आहे.

"अहो, छपराखाली दोन खाटा आणि चूल. बाळाला काय चांदण्यात निजवू?"

"पाहुणे येऊन जाऊ देत. साहेब म्हणालेत, विचाराधीन आहे."

"नातू विचाराधीन नाहीये. गुरुवारी येतोय."

याचे उत्तर खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात नव्हते. बायकोने शेजारच्या सुताराला हाक मारली (त्याची सायकल कैक वर्षे इथल्या फुकट दुरुस्तीवर धावत होती), भंगारवाल्याकडून पत्रे आणवले आणि गुरुवारच्या आत उरलेले छप्पर घालून टाकले. अभ्यासगट न नेमता पुरे झालेले हे देशातले पहिलेच काम असावे. (खात्री करता आलेली नाही. त्यासाठी अभ्यासगट लागेल.)

लेक बाळाला घेऊन आली. मग बँकेकडून पाहणीला येणाऱ्या बाई यायच्या आदल्या दिवशी उपसचिव तालीम घ्यायला आले. मागच्या खोलीत आले, सवयीने डोळ्यांवर उन्हासाठी हात धरला, आणि ऊन आलेच नाही.

"हे काय करून बसलात?"

"छप्पर, साहेब," सायकलवाला पुटपुटला.

"खात्याला न विचारता? अहो, उद्या बाईंना दाखवू काय?"

"छप्पर दाखवा की," बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला कळत नाहीये. घर तुमचं असेल, पण गळती देशाची आहे!"

"मग देशाला म्हणावं, माझ्या नातवाला कडेवर घे."

उपसचिव तसे मनाने वाईट नव्हते. एका दिवसापुरतेच पत्रे उतरवू, असे त्यांनी सुचवले आणि शिपायाला शिडी लावायला सांगितले. बायको बाळाला घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. शिपाई शिडी धरून उभा राहिला, वर जाईना की खाली ठेवीना.

"तुम्ही तरी समजूतदार आहात," उपसचिव सायकलवाल्याला म्हणाले. "सांगा त्यांना."

सायकलवाल्याने नेहमीप्रमाणे हात जोडले. मग बाळाकडे पाहिले. हात सुटले.

"साहेब, बाळ झोपलंय. जरा हळू बोला."

हे त्याचे चौथे वाक्य. खात्याने ते शिकवलेले नव्हते. बायको पायरीवरून उठली आणि शिपायाने शिडी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांच्या हातात बँकेचा वार्षिक अहवाल होता आणि मुखपृष्ठावर याच खोलीचे अर्धे छप्पर. कित्येक वर्षे तेच छापले जात होते. त्या चित्रावर बाईंना दोन बढत्या मिळाल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, अहवालाकडे पाहिले, पुन्हा वर पाहिले.

"आकाश कुठे गेलं?" त्यांनी आपल्या भाषेत विचारले.

"त्या विचारताहेत, कसं वाटतं?" उपसचिवांनी भाषांतर केले.

"बरं वाटतं," बायको म्हणाली. "सांगा त्यांना, आमचं आम्ही केलं. दोन दिवस लागले."

"त्या म्हणतात, अजून पुष्कळ बाकी आहे," उपसचिवांनी कळवले. पण बाईंना वरचे दिसत होते. मुख्यालयात आता काय सांगू, असे त्या हळूच म्हणाल्या. मंत्र्यांना काय सांगू, असे उपसचिव म्हणाले. दोघे मोटारीपाशी बराच वेळ उभे राहिले. बँक आणि सरकार यांच्यात इतके संपूर्ण एकमत पूर्वी कधी झाले नव्हते. घडला प्रकार 'आगाऊ विकास' या सदरात घालावा, त्याचा दाखला इतरांनी देऊ नये आणि सायकलवाल्यास लाभार्थी पदावरून मुक्त करावे, असे ठरले.

छप्पर राहिले. "जावईबापू, काडीमोड झाला म्हणे?" असे गल्लीने काही दिवस विचारून घेतले, मग तेही थांबले. दारात मोटार थांबली की सायकलवाला अजून पाना खाली ठेवतो, हात पुसतो, आणि मोटार वळून गेली की पुन्हा उचलतो. संध्याकाळी मागच्या खोलीत नातवापाशी बसला की तो हलक्या आवाजात म्हणतो, "पूर्वी फार हाल होते. आता बरं आहे." तिसरे वाक्य त्याच्या तोंडाशी येते आणि परत जाते.

खाते सध्या नवे घर शोधत आहे. अटी मामुली आहेत. घरात काहीतरी अर्धवट राहिलेले असावे. ते पुरे करायला वरून कोणीतरी येईल, अशी घरच्यांची समजूत असावी. कोणी विचारले तर 'चाललंय बरं' असे म्हणायची सवय असावी. आणि असले प्रकार भलत्याच देशात घडतात असे वाटून घरच्या कर्त्या माणसाला हसू येत असावे. ही शेवटची अट पुरी करणारा माणूस मिळणे कठीण, अशी उपसचिवांना भीती होती. ती आपण हे वाचता वाचता हसून आत्ताच दूर केलीत. पाहणीला लोक येतील. दार पुरेसे उंच आहे ना, एवढे पाहून ठेवा. छपराचे त्यांच्यावर सोडा.